सरवटे, चंदू

सरवटे, चंद्रशेखर त्र्यंबक : (२२ जुलै १९२० – २३ डिसेंबर २००३). भारतीय अष्टपैलू क्रिकेटपटू. उजव्या हाताचा फलंदाज आणि लेगब्रेक गोलंदाज. जन्म सागर येथे. १९३६–३७ च्या मोसमात, वयाच्या सोळाव्या वर्षी, मध्य प्रांत व वऱ्हाड संघातून प्रथम श्रेणी पदार्पण. पुढे होळकर संस्थानाच्या संघात त्यांची कारकीर्द बहरली.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध भारतीय संघ ९ बाद २०५ असताना दहाव्या क्रमांकावरचे सरवटे आणि अकराव्यावरचे शुटे बॅनर्जी एकत्र आले. दोघांनी २४९ धावांची भर घातली. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. प्रथम श्रेणीत एकाच डावात शेवटच्या दोघांनीही शतके काढण्याचे हे एकमेव उदाहरण. पुढच्याच वर्षी सलामीवीर विजय मर्चंट व मुश्ताक अली ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नव्हते, तेव्हा याच तळाच्या फलंदाजाला लिंडवॉल-मिलर या वेगवान गोलंदाजांसमोर सलामीला धाडण्यात आले. मेलबर्नला विनू मंकड यांच्यासह त्यांनी १२४ धावांची सलामी दिली. तीत सरवटेंचा वाटा ३६ धावांचा. चिवटपणे उभे राहणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी निभावले.

१९४६ ते १९५१ या काळात ९ कसोटींत २०८ धावा आणि अवघे ३ बळी. या आकड्यांवरून त्यांना जोखणे अन्यायाचे ठरेल. जिथे भोक पडेल तिथे त्यांना लावले गेले आणि एक जागा अशी त्यांना मिळालीच नाही. होळकरांकडे चित्र वेगळे होते. १९४५–४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या, सहा जणांनी शतके ठोकली. त्यांपैकी सरवटेंनी १०१ धावा काढल्याच, शिवाय एका डावात ६१ धावांत ९ गडी टिपले. १९५०–५१ मध्ये बंगालविरुद्ध २४६ ही त्यांची सर्वोच्च खेळी. होळकरांनी रणजी करंडक चार वेळा जिंकला.

शिक्षणाने वकील असलेले सरवटे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही होते. प्रथम श्रेणी क्रिकेट ते १९६७–६८ पर्यंत खेळले : १७१ सामने, ७,४३० धावा, ४९४ बळी. १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्या समितीचे ते सदस्य होते. इंदूर येथे त्यांचे निधन झाले.