तृतीया, भरती सव्वादोनला

हा क्रम कुठल्या एका गाडीचा नाही. कोकणच्या वाळूत रुतलेली गाडी वेळेत निघाली नाही, की पुढचं असंच घडत जातं. गाडी धरू या छोटी, फोर-बाय-फोर, जिम्नीसारखी. पाणी धरू या चार मीटर चढणारं.

सकाळी 5.30, दिवाळे. जेट्टीवर होडी काढणारा आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीया, म्हणजे सव्वादोन. त्याआधी सहा तास, आठच्या सुमारास, ओहोटीचा तळ. तिथल्याच रस्त्याने नागावच्या किनाऱ्याला निघालेले गाडीतले चौघे मात्र फक्त रस्ता बघतात.

6.30, पेण. हौसेने लिव्हर 4एच वर, म्हणजे चारही चाकांना ताकद, टाकलेला. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण 4एच मध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. वाळूत चाक जरा घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही. गाडी वळताना अडखळते, ट्रान्सफर केसवर भार येतो. म्हणून रस्त्यावर 2एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. आणि 4एच ने ब्रेकचं अंतर कमी होत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवावं.

8.00, नागाव. पाणी दूर गेलेलं, ओली वाळू कडक. आता खरी 4एच ची वेळ, तर लिव्हर 2एच वर. टायरमधली हवाही कमी केलेली नाही.

8.40. पाण्याच्या बाजूला मऊ पट्टा लागतो. मागची चाकं जागच्या जागी फिरतात. घाईने 4एच, पाठोपाठ जोरात ॲक्सिलरेटर. आता चारही चाकं खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते. खाली वाळूला टेकलेल्या गाडीचं वजन चाकांवर राहत नाही, मग पकड कुठून येणार?

9.00. पाणी जेमतेम 33 सेंटीमीटर चढलंय. गाडी निघण्यासारखी आहे. ॲक्सिलरेटर सोडायचा. पोटाखालची आणि चाकांपुढची वाळू हाताने काढायची, टायरची हवा उतरवायची, चाकांखाली मॅट सारायचे. गाडी पूर्ण थांबवून 4एल, म्हणजे चारही चाकांना संथ पण जोरदार ताकद, आणि आल्या चाकोरीतूनच हळू मागे. नाहीच जमलं तर लगेच गावात धाव. डिसेंबर 2024 मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली होती. मदत मागण्यात कमीपणा नाही. आपले चौघे मात्र आणखी तासभर रेस करत राहतात.

10.00. पाणी मीटरभर वर. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असेल, तर काठ 50 मीटर पुढे सरकला. लाट टायरला लागते आणि परतताना चाकाखालची वाळू घेऊन जाते. गाडी आता इंजिन बंद असतानाही खचते.

11.00. भरतीचा तिसरा आणि चौथा तास सर्वांत जोराचा. एकूण चढणाऱ्या पाण्याच्या बारा भागांतले तीन-तीन भाग या तासांत चढतात. गाडीपाशी मीटरभर पाणी, बॉनेटपर्यंत. दोर बांधायला कोणी आत शिरायचं नाही. माणसं वर, किनाऱ्यावर.

12.00. गाडीपाशी दोन मीटर. जिम्नीची उंची 1.72 मीटर. टप दिसत नाही.

2.15. पूर्ण भरती. ओहोटी लागून गाडी उघडी पडायला अजून तीन-चार तास. खारं पाणी तोवर वायरिंग, बेअरिंग, इंजिन, सगळीकडे पोचलेलं असेल.

या दिवसात गाडीची ताकद एकदाही कमी पडली नाही. ती चुकीच्या वेळी वापरली गेली. बंदी असेल त्या किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. परवानगी असेल तिथे भरतीची वेळ घरूनच काढून निघा, वाळूत उतरण्याआधी हवा कमी करा आणि 4एच टाका, भरती-ओहोटीच्या मधल्या मऊ पट्ट्यापासून लांब राहा. चाक एकदा जागीच फिरलं, की पाय उचला. तो एक क्षण सांभाळला, तर पुढचा एकही तास बघावा लागत नाही.