एका ग्रंथकाराचीं दहा वर्षें

शास्त्रीय ग्रंथ लिहिणारास विषयाचें ज्ञान असलें म्हणजे पुरे, असा सामान्य समज आहे. लेखनाचें साधन कोणतें निवडावें, हा प्रश्न त्यापुढें गौण वाटतो. परंतु डोनल्ड कनूथ या अमेरिकन शास्त्रज्ञाची हकीकत निराळेंच सांगते.

संगणकशास्त्रावरील त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळांत निघाले. ते शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेले होते. सूत्रांतील चिन्हें, त्यांवरील लहान अंक, भोंवतालची मोकळी जागा, सारें कसें नेटकें! पुढें ती खर्चिक कला मागें पडून छायाचित्रणानें जुळणी होऊं लागली. १९७७ च्या मार्चमध्यें दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें कनूथ यांच्या हातीं आलीं, तेव्हां अक्षरांचें तें रूप पाहून त्यांचें मन विटलें.

आतां मिळेल तें स्वीकारावें, ग्रंथ थांबवावा, कीं साधनच नवें घडवावें? त्याच सुमारास सूक्ष्म ठिपक्यांनीं उमटविलेलीं संगणकाचीं अक्षरें त्यांच्या पाहण्यांत आलीं होतीं. ठिपका हवा तेथें १, नको तेथें ०. म्हणजे हें कोडें मुद्रकाचें न राहतां संगणकशास्त्रज्ञाचें झालें. मे महिन्यांत त्यांनीं 'टेक' या जुळणी-प्रणालीचा आराखडा लिहिला. अक्षरें रेखण्यासाठीं 'मेटाफाँट' रचिली.

टेकमध्यें लेखक मजकूर व आज्ञा साध्या अक्षरांत लिहितो. मांडणी यंत्र करतें. ओळ कोठें तोडावी, हें तें सबंध परिच्छेद ध्यानांत घेऊन ठरवितें. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'लाटेक'मुळें प्रकरणांचे व सूत्रांचे क्रमांक सांभाळण्याचीहि दगदग वांचली. पान पडद्यावर हुबेहूब दाखविणारीं सुटसुटीत साधनेंहि त्याच दशकांत पसरलीं. पत्र वा अहवाल लिहिण्यास तीं सोयीचीं. परंतु सूत्रांनीं भरलेल्या ग्रंथासाठीं गणितज्ञांचा कल टेककडेच राहिला.

या निवडीची किंमत मात्र जबर होती. वर्षभरांत काम आटोपेल, अशी कनूथ यांची अटकळ होती. १९८१ सालीं दुसरा खंड टेकनें जुळून निघाला, तेव्हांहि त्यांचें समाधान झालें नाहीं. अक्षरें पुन्हां घडविणें आलें. अशीं जवळजवळ दहा वर्षें गेलीं. चौथ्या खंडाचा पहिला भाग ग्रंथरूपानें बाहेर पडावयास २०११ साल उजाडलें. तो विलंब केवळ टेकमुळें झाला असें नव्हे. तथापि हीं वर्षें ग्रंथाच्याच वांट्यांतून गेलीं.

प्रणाली त्यांनीं सर्वांस विनामूल्य दिली. १९९० सालीं तींत नवी भर घालणें थांबविलें. तेव्हांपासून केवळ दोष दुरुस्त होतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा क्रमांक वर्तुळाच्या 'पाय' या संख्येच्या थोडा जवळ सरकतो. या स्थैर्यामुळेंच जुनें लेखन दशकांनंतरहि तसेंच जुळतें. १९९१ सालीं नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनीं तिला देवनागरीची जोड दिली, आणि मराठींतून गणित लिहिणारासहि ती वाट मोकळी झाली.

एका ग्रंथकारानें आपला ग्रंथ बाजूस ठेवून इतरांच्या असंख्य ग्रंथांची सोय केली. त्याच्या हिशेबीं हा व्यवहार आंतबट्ट्याचा ठरला असेल. शास्त्राच्या हिशेबीं तो खास नव्हे.