स्मूदनिंग सोडलं, आता शाम्पू कोणता? नांदेड-लातूरमध्ये आधी घरचं पाणी बघा

मुळांपाशी दोन बोटं कुरळे केस आणि त्याखाली काडीसारखे सरळ. स्मूदनिंग किंवा रिबाँडिंग बंद केलेल्या प्रत्येकीला तीन-चार महिन्यांत आरशात हेच चित्र दिसतं.

मग रील्स बघून सल्फेट-फ्री शाम्पू, महागडं कर्ल क्रीम, खास ब्रश अशी खरेदी होते. महिनाभरात केस आणखी राठ वाटू लागतात. 'माझे मूळचे केसच खराब आहेत' असं म्हणत पावलं पुन्हा सलूनकडे वळतात.

पण अनेकदा दोष केसांचा नसतो. तो बादलीतल्या पाण्याचा असतो. नांदेड आणि लातूरमध्ये केसांसाठी काय घ्यायचं हे ठरवताना सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी हे समजून घ्या: सरळ केलेला भाग परत कुरळा होत नाही

रिबाँडिंगमध्ये केसांच्या आतले डायसल्फाइड बंध रसायनानं तोडले जातात आणि केस सरळ ठेवून पुन्हा जोडले जातात. हा बदल कायमचा असतो. कोणतंही क्रीम किंवा तेल तो उलटवू शकत नाही. केराटिनसारख्या उपचारांचा थर मात्र काही महिन्यांत बराचसा उतरतो.

म्हणजे नैसर्गिक केस फक्त मुळापासून नवे येतात. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. खांद्यापर्यंत पूर्ण नैसर्गिक केस हवे असतील, तर दोन वर्षं तरी धरून चाला.

जुने आणि नवे केस जिथे जुळतात, ती जागा सगळ्यात नाजूक असते. केस तिथेच तुटतात. त्यामुळे दोनच मार्ग उरतात: सरळ भाग एकदाच कापून टाकणं किंवा दर दोन-तीन महिन्यांनी थोडा-थोडा कापत जाणं.

पाण्याचा काय संबंध?

मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकावर आहे. या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. बोअरचं पाणी जड लागतं ते यामुळे. नळावर, बादलीवर बसणारा पांढरा थर त्याचाच.

लातूर शहराला मांजरा धरणाचं पाणी मिळतं, नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयाचं. पण नळ रोज येत नाही किंवा पुरत नाही, तिथे आंघोळीला बोअर किंवा टँकरच असतो. २०१६ च्या दुष्काळात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली होती. अशा भागात 'केस धुवायला मऊ पाणी वापरा' हा सल्ला द्यायला सोपा, पाळायला अवघड.

जड पाण्यातले क्षार केसांना चिकटतात. रसायनानं झिजलेल्या केसांवर ते जास्त बसतात. केस राठ, निस्तेज लागतात आणि कुरळ्या केसांत गुंता वाढतो.

घरचं पाणी जड आहे का, कसं ओळखाल?

पारदर्शक बाटली अर्धी भरा. त्यात साध्या साबणाचा चुरा चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं, तर पाणी मऊ. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं, तर जड. शाम्पू किंवा डिटर्जंटनं ही चाचणी करू नका, त्यांचा फेस जड पाण्यातही येतो.

नेमका आकडा हवा असेल, तर पाणी प्रयोगशाळेत तपासून घेता येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत चालते.

मग शाम्पू कोणता?

एक नाही, दोन लागतील.

• नेहमीचा: सौम्य शाम्पू, आठवड्यातून एक-दोनदा.

• क्षार काढणारा: महिन्यातून एक-दोनदा. बाटलीच्या मागे 'डायसोडियम ईडीटीए', 'टेट्रासोडियम ईडीटीए', 'सोडियम ग्लुकोनेट' किंवा 'फायटिक ॲसिड' शोधा. हे घटक क्षारांना पकडून पाण्याबरोबर वाहून नेतात. मात्र अनेक साध्या शाम्पूंतही ईडीटीए थोडंसं असतं. म्हणून नाव वाचून थांबू नका, बाटलीवर 'क्लॅरिफाइंग' किंवा 'चिलेटिंग' लिहिलंय का तेही बघा.

फक्त सौम्य शाम्पू वापरायचा, हा रील्समधला नियम मऊ पाण्याच्या गावात चालून जातो. बोअरच्या पाण्यात तो एकटा पुरत नाही.

शिकेकाई चालेल?

चालेल. तिच्यातलं सॅपोनिन साबणासारखं क्षारांशी जुळून चिकट साका करत नाही. पण कोरडी पूड थेट लावू नका, कण कुरळ्या केसांत अडकतात. शेंगा उकळून, गाळून पाणी वापरा. अंगाचा साबण मात्र केसांना नको.

कंडिशनर, जेल आणि तेल

• कंडिशनर: यावर पैसे खर्च करा, ते वाया जात नाहीत. घटकांत 'सेटिअरिल अल्कोहोल' दिसलं तर घाबरू नका. हे केस कोरडे करणारं अल्कोहोल नाही, मऊ करणारा स्निग्ध पदार्थ आहे. कॉस्मेटिक नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. म्हणजे यादीच्या टोकाला असलेलं 'आर्गन ऑइल' नावापुरतंच असू शकतं.

• जेल: जवस हे मराठवाड्यातलं जुनं रब्बी पीक. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं झालं की गरम असतानाच गाळा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावलं की वळण धरून राहतं.

• तेल: मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेल तेलानं कमी झाली, बाकी दोघांनी नाही. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही ध्यानात असू द्या. तेल धुण्याच्या काही तास आधी लावा. धुतल्यावर थापू नका.

साधनं: कमीच लागतात

• मोठ्या दातांचा कंगवा. केसांत कंडिशनर असतानाच, टोकाकडून वर सोडवत या. बारीक दातांची फणी उवांपुरतीच ठेवा.

• जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा. केस घासायचे नाहीत, दाबून पाणी टिपायचं.

• सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्र्यावर केस जास्त घासले जातात.

• स्कूटीवर बांधायच्या स्कार्फच्या आत सॅटिनचा तुकडा. उन्हाळ्यात उन्हापासून बचाव आणि गुंताही कमी.

• ड्रायर घ्यायचाच असेल तर डिफ्युझरसह, कमी तापमानावर. स्ट्रेटनर कपाटात जाऊ द्या. उष्णतेनं नवे केसही खराब होतात.

शॉवर फिल्टर घ्यावा का?

नळाला बसवायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, कठीणता नाही. क्षार काढायला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो आणि तो महाग असतो.

त्यापेक्षा स्वस्त उपाय: केस नेहमीच्या पाण्यानं धुवा आणि शेवटचे दोन-तीन तांबे आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. पावसाळ्यात गच्चीवर धरलेलं पाणी याहून चांगलं. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र केसांना नको. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीसाठी ठेवा.

पुन्हा स्मूदनिंगचा मोह झाला तर?

काही स्ट्रेटनिंग उत्पादनं तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते कर्करोगकारक ठरवलं आहे. 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' म्हणून आलेलं ग्लायऑक्सिलिक ॲसिडही निर्धोक नाही. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या तरुणीची नोंद आली. तीन वेळा स्ट्रेटनिंग आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा.

त्यामुळे निर्णय घेण्याआधी एक महिना द्या. क्षार काढणारा शाम्पू, भरपूर कंडिशनर, शेवटी मऊ पाणी. नवे केस खरे कसे आहेत, हे त्यानंतरच कळेल.

केस तुटण्याऐवजी मुळापासून गळत असतील किंवा टाळू दिसू लागली असेल, तर बाटल्या बदलत बसू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.