जात्यावरचा पुरावा

मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात आता विद्यापीठे आहेत. तिथे स्त्री-इतिहासावर व्याख्यान देताना १८४८च्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेइतकेच याच तालुक्याकडेही पाहावे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहात बायकाही उतरल्या. लक्षात राहिले ते सेनापती बापट. बायकांनी लिहून ठेवले नाही, मग पुरावा कुठला, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळासह महाराष्ट्रभरातून लाखभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ओवीत तारीख नसते, हे मान्य. पण माहेर, सासुरवास, कष्ट यांबद्दल सरकारी दप्तरापेक्षा तीच जास्त सांगते. सातबारा तर बहुधा पुरुषाच्याच नावे! अशा व्याख्यानांच्या आयोजकांनी पुढच्या वेळी ओव्या गाणाऱ्या आजींनाही वक्त्या म्हणून बोलवावे, आणि मानधनही द्यावे.