आगगाडीचा ब्रेक आणि त्याची निगा

आगगाडी चालविण्याची विद्या मनुष्यास लवकर साधली. ती थांबविण्याची विद्या मात्र फार उशिरां आणि फार मोठी किंमत देऊन साधली. आज अमेरिकेंत जुन्या मार्गांवरून जुने डबे हौसेनें चालविणाऱ्या अनेक रेल्वे आहेत. सहलीला निघालेलीं मुलें खिडकीशीं बसतात, पुढें वाफेचें इंजिन शिट्टी देतें, आणि शंभर वर्षांपूर्वींचा प्रवास पुन्हां अनुभवास येतो. परंतु गाडी सुटण्यापूर्वीं डब्याखालीं वांकून ब्रेक तपासणारा मनुष्य त्यांना क्वचितच दिसतो. तो ज्या नियमांनीं बांधलेला आहे ते कसे जन्मास आले, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

आरंभीं प्रत्येक डब्याला हातानें फिरवावयाचें ब्रेकचें चाक असे. इंजिनाची शिट्टी होतांच ब्रेकवाले नोकर मालगाडीच्या छपरांवरून धांवत आणि एकामागून एक चाकें आवळीत. पाऊस असो कीं बर्फ असो, त्यांची वाट छपरांवरूनच. १८६९ सालीं अवघ्या बावीस वर्षांच्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचें पेटंट मिळविलें. इंजिनावरील पंप हवा दाबून सांठवी, आणि ती नळीवाटें प्रत्येक डब्याखालच्या नळकांड्यांत सोडली कीं ब्रेक लागे. युक्ति उत्तम होती, पण तींत एक मोठें व्यंग होतें. नळी फुटली किंवा गाडी मध्येंच तुटली, तर हवा निघून जाई आणि नेमक्या संकटाच्या वेळीं ब्रेक नाहींसा होई.

१८७२ सालीं त्यानें हा क्रमच उलटा केला. प्रत्येक डब्याखालीं हवेची एक टांकी व तिच्याशीं जोडलेली एक तिहेरी झडप बसविली. नळींत दाब आहे तोंवर ब्रेक मोकळा. दाब उतरला कीं झडप सरकते, टांकींतील हवा नळकांड्यांत शिरते आणि ब्रेक लागतो. नळी तुटली तर गाडी आपोआप थांबावी, अशी ही रचना.

या रचनेचें मोल आयर्लंडमधील आर्मा येथील अपघातानें जगास दाखविलें. १२ जून १८८९ रोजीं मुलांनीं व वडील माणसांनीं भरलेली एक सहलीची गाडी चढावर अडकली. तिचा ब्रेक निर्वाताच्या बळावर चालणारा होता, पण स्वयंचलित नव्हता. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं न्यावा, या हेतूनें ती मध्यें सोडविली. त्याबरोबर मागच्या दहा डब्यांचा ब्रेक निकामी झाला. आधार उरला तो एका हातब्रेकचा व चाकांखालीं लावलेल्या दगडांचा. पुढच्या भागाचा किंचित् धक्का बसला, दगड निरुपयोगी ठरले, आणि डबे उतारावरून मागें धांवत सुटून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐशीं माणसें मेलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. त्याच सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेंत लोरेन्झो कॉफिन यानें रेल्वेच्या नोकरांसाठीं अनेक वर्षें चळवळ केली, आणि २ मार्च १८९३ रोजीं अध्यक्ष हॅरिसन यांच्या सहीनें तेथेंही कायदा झाला.

तथापि चांगलें यंत्र मिळालें म्हणजे काळजी संपली असें नाहीं. झडपेंत धूळ बसते, वंगण सुकतें, रबराच्या चकत्या कडक होतात. असा ब्रेक आज लागतो, उद्यां उशिरां लागतो आणि परवां लागतच नाहीं. बाहेरून मात्र डबा तसाच चकचकीत दिसतो. म्हणून नियम असा कीं, ठराविक मुदतीनें झडप साफ करावी, तेल द्यावें, तपासावी आणि त्या कामाची तारीख रंगानें डब्यावर लिहावी. झडपेच्या जातीप्रमाणें ही मुदत कमीअधिक असते. तारीख डब्यावरच असल्यामुळें कोणाच्या स्मरणावर विसंबावें लागत नाहीं.

मुदतीच्या या कामाखेरीज गाडी निघण्यापूर्वींची परीक्षा निराळी. अमेरिकेच्या जुन्या नियमांप्रमाणें नळींतील दाब चौरस इंचास १५ पौंडांनीं उतरवावयाचा, आणि मग झरणारी हवा मिनिटास ५ पौंडांहून अधिक नाहीं हें पाहावयाचें. दट्ट्याची चालही मोजावयाची. चाकावर दाबला जाणारा ठोकळा झिजला कीं दट्ट्यास अधिक लांब जावें लागतें, आणि तितका ब्रेकचा जोर कमी होतो. शेवटीं अगदीं मागच्या डब्याचा ब्रेक लागला व सुटला, हें कोणी तरी डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. हा आग्रह फुकाचा नाहीं. १५ जानेवारी १९५३ रोजीं वॉशिंग्टनच्या स्टेशनांत येणाऱ्या एका गाडीच्या नळीवरील एक तोटी वाटेंतच मिटली होती. तिच्या मागील सर्व डब्यांना इंजिनाची आज्ञा पोहोंचलीच नाहीं. इंजिन फलाटाच्या टोंकाचा अडथळा मोडून दालनांत शिरलें आणि तेथील जमीन खचून खालीं गेलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं.

१९५८ च्या कायद्यानें ब्रेकच्या तपासणीचे व निगेचे नियम अमेरिकेंत सरकारी हुकमाचे झाले. १९९९ सालीं उतारूंच्या गाड्यांसाठीं जे नवे व विस्तृत नियम निघाले, त्यांतून हौशी सहलींच्या रेल्वे वगळण्यांत आल्या. जुन्या डब्यास नव्या डब्याचें माप लावणें योग्य नव्हे, हें खरें. पण निगेचें ओझें त्यामुळें हलकें झालें नाहीं. कोलोरॅडो व न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर कम्ब्रेस घाटाची १८८० ची अरुंद रेल्वे आहे. १९७० सालीं त्या दोन राज्यांनीं ती विकत घेऊन मोडीतून वांचविली. तेथें घाटाच्या एका अंगास शंभर फुटांमागें चार फूट उतार आहे. डबा कितीही जुना असो, त्या उतारावर त्यांतील मुलें आजचीं असतात. आणि त्यांचा भरंवसा डब्याखालच्या झडपेवर व तिच्या निगेची तारीख लिहिणाऱ्या हातावर असतो.