पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे पहिले दशक (इ. स. १८८०–१८९०)

१. सनदा, महजर, निवाडे, हिशेबी रुमाल व बखरी यांच्या संशोधनात आपल्याकडील अभ्यासकांचा काळ जातो, आणि तो योग्य ठिकाणीच जातो. परंतु इ. स. १८१८ नंतरची कागदपत्रे म्हणजे इतिहासाची साधनेच नव्हेत, अशी एक समजूत नकळत रूढ झाली आहे. ती दूर व्हावी म्हणून एका शाळेच्या पहिल्या दहा वर्षांचे प्रकरण आम्ही येथे मांडीत आहो. या दशकात नवे काय आले, जुने काय टिकले आणि शेवटी फूट का पडली, एवढेच तीन प्रश्न आम्ही विचारात घेतले आहेत.

२. पूर्वपीठिका. पुण्यातील विद्येस पेशवाईत राजाश्रय होता. श्रावणमासी दक्षिणा हे त्याचे ठळक रूप. राज्य गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून इ. स. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचेच रूपांतर होत होत पुढे डेक्कन कॉलेज झाले. म्हणजे सत्ता बदलली तरी विद्या सरकारच्या ओंजळीने पाणी पीत राहिली. खाजगी इंग्रजी शाळा पुण्यात नव्हत्या असे नाही. बाबा गोखले यांची शाळा होती आणि वामन प्रभाकर भावे व त्यांचे सहकारी यांची पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन होती. तेव्हा खाजगी शाळा काढणे यात अपूर्वता नव्हती. सरकारी नोकरीची दारे ज्यांस सताड उघडी होती, अशा पदवीधरांनी ती दारे आपण होऊन लावून घ्यावी आणि शाळामास्तरकी पत्करावी, यात अपूर्वता होती.

३. स्थापना. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शाळाखात्यातील नोकरीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेले बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांचा शाळा काढण्याचा निश्चय झाला होता. महादेव बल्लाळ नामजोशी येऊन मिळाले आणि १ जानेवारी १८८० रोजी बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. आगरकर एम्. ए. ची परीक्षा देऊन मागाहून दाखल झाले. ज्या मोरोबादादा फडणिसांनी इ. स. १७७८ मध्ये नानांविरुद्ध कारस्थान करून शेवटी कैद भोगली, त्यांच्या नावाच्या वाड्यात शंभर वर्षांनी मुलांचे वर्ग भरावे, ही गोष्ट आमच्या वाचकांस चिंतनीय वाटेल.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शाळा काढण्यापूर्वीच, इ. स. १८७८ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासमवेत ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला होता. जुन्या बखरी व पत्रे छापून काढण्याचा तो पहिला मोठा नियतकालिक उद्योग होय. बखरी वाचविणारा हात आणि शाळा काढणारा हात एकच होता, हे या दशकाचा विचार करताना विसरता कामा नये.

४. अध्यापन. ‘निबंधमाले’तून मराठी भाषेचा कैवार घेणाऱ्या पुरुषाने आपल्या शाळेस इंग्रजी नाव द्यावे, याचे कित्येकांस नवल वाटते. परंतु मुंबई विश्वविद्यालयाची प्रवेशपरीक्षा हे त्या काळच्या माध्यमिक शिक्षणाचे नाके होते, व त्या नाक्यावरील जकात इंग्रजीतच भरावी लागे. संस्थापकांनी ते नाके टाळले नाही. ते मुलांनी ताठ मानेने ओलांडावे, अशी तजवीज मात्र केली.

परंपरेचा धागा संस्कृतात दिसतो. वामन शिवराम आपटे पहिल्याच वर्षी शाळेत आले व त्यांनी व्यवस्थापन हाती घेतले. संस्कृत रचनेवरील त्यांचे पुस्तक, इ. स. १८८४ चा इंग्रजी-संस्कृत कोश व इ. स. १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश ही सर्व या दशकाचीच फळे आहेत. वर्गात शिकवावे, घरी कोशाच्या चिठ्ठ्या लावाव्या आणि शाळेचा कारभारही पाहावा, असा हा तिपेडी उद्योग होता. ‘रघुवंश’ व ‘मेघदूत’ यांच्या सटीक आवृत्त्या काढणारे गोपाळ रघुनाथ नंदर्गीकर हे याच शाळेचे शिक्षक. प्रवेशपरीक्षेत संस्कृतासाठी असलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्त्या येथील विद्यार्थ्यांनी मिळविल्या, त्यावरून जुन्या पाठांतरास व्याकरणाच्या चिकित्सेची जोड कशी मिळाली होती ते कळते. पुढे पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे हेही प्रारंभी थोडे दिवस येथे शिकवीत होते व येथूनच मिरजेच्या हायस्कुलात गेले.

५. कसोटी. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. त्यानंतरचे वर्ष कठीण गेले. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले; वयाची बत्तीस वर्षेही त्यांस पुरी झाली नव्हती. कोल्हापूरचे महाराज शिवाजीराव यांच्या छळासंबंधी छापलेल्या मजकुरावरून कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि जुलै महिन्यात टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. शिक्षक तुरुंगात गेले म्हणजे पालक मुले काढून घेतात, असा सामान्य अनुभव. येथे उलट घडले. त्याच वर्षी सर विल्यम हंटर यांच्या शिक्षणकमिशनापुढे आपट्यांनी साक्ष दिली, आणि खुद्द हंटरसाहेबांनी शाळा पाहून तिची प्रशंसा केली. पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली.

६. संस्थेचे रूप. पहिली चार-पाच वर्षे शाळा मित्रांच्या शब्दावर चालली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावी व दरमहा सुमारे ७५ रुपयांवर निर्वाह करावा, असा निर्बंध ठरला. गुरुगृहीच्या अपरिग्रहाचे व्रत येथे प्रथमच घटनेच्या कलमांत बसविले गेले. जुने व्रत व नवे कलम यांची ही गाठ या दशकातील सर्वांत मोठी कमाई, आणि पुढील कलहाचे बीजही तिच्यातच होते.

७. फूट. टिळक-आगरकरांचा वाद म्हणजे सनातनी विरुद्ध सुधारक, असे सरसकट सांगितले जाते. सामाजिक प्रश्नांपुरते ते खरे आहे. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तो त्याचमुळे. परंतु शाळेच्या आतील वाद निराळा होता. वेतन वाढवावे की नाही, आणि सभासदाने ग्रंथलेखनादि बाहेरील उद्योगांतून मिळकत करावी की नाही, हे त्याचे मुद्दे होते. टिळकांचे म्हणणे असे की, सभासदाचा सर्व वेळ व सर्व श्रम संस्थेचे. आगरकर व त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत की, संसाराची गरज वाढेल त्याप्रमाणे संस्थेने तरतूद करावी आणि फावल्या वेळेवर सभासदाचा हक्क असावा. होळकर सरकारांनी दिलेल्या ७०० रुपयांच्या देणगीवरून १८८९ मध्ये वाद विकोपास गेला, आणि १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतल्यावरून तो पुन्हा पेटला. १५ डिसेंबर १८९० रोजी टिळकांनी सविस्तर कारणे लिहून राजीनामा दिला.

हा राजीनामा अव्वल दर्जाचे साधन आहे यात शंका नाही. तथापि तो एका पक्षाची कैफियत आहे. एका पक्षाच्या करिन्यावरून वतनाचा निवाडा करणे जसे गैर, तसेच केवळ या कागदावरून आगरकरांस सुखलोलुप ठरविणेही गैर. ज्या पुरुषाने दम्याच्या विकारातही अध्यापन व लेखन सोडले नाही आणि जो १८९५ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, त्याने व्रत मोडले असे म्हणवत नाही. आमचे मत असे की, व्रत एकट्याचे असते तोवर ते मनाने पाळता येते. दहाजणांचे झाले म्हणजे त्यास हिशेब लागतो, आणि हिशेब आला की मतभेद आलेच. दोन्ही पक्ष एकाच परंपरेचे वारस होते. एकास तिचे शब्द जपावयाचे होते, दुसऱ्यास ती संसारी माणसांस झेपेल अशी करावयाची होती.

८. परिणाम. फुटीने शाळा बुडाली नाही. टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले, आणि आजीव सेवेचा हाच धडा त्यांनी पुढे हिंगण्यास नेला. गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजाच्या शपथेतही त्याचीच छाया दिसते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे काही काळ याच शाळेत शिक्षक होते. त्यांनी ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ लिहून आपल्या काळच्या शाळांची जी झडती घेतली, ती शालेय इतिहासाचा नमुना म्हणून प्रत्येक संशोधकाने वाचावी.

९. शेवटी संग्राहकांस एक विनंती. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यास वारले आणि त्यांच्या नावे तेथे संशोधन मंदिर उभे राहिले. त्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावांपर्यंत, जुने कागद शोधीत आपण हिंडतो तेव्हा कुळकर्ण्याचे दप्तर विचारतो. शाळामास्तराचे विचारीत नाही. दाखलखारीज, हजेरीपट, फीची वही, शेरेबुक ही रद्दीत जातात. कोणत्या जातीचे मूल कोणत्या साली प्रथम पाटीस लागले, दुष्काळात कोणी शाळा सोडली, मुलींचे पहिले नाव कधी चढले, हे सांगणारा दुसरा कागद नाही. पुण्याच्या शाळेची हकीकत तिच्या संस्थापकांनी लेखण्या चालविल्या म्हणून आपणांस ठाऊक आहे. ज्या शाळांस असे लेखक लाभले नाहीत त्यांची साक्ष त्या वह्यांतच आहे. मोडी रुमालांबरोबर त्यांसही आपल्या कपाटात जागा मिळावी, अशी आमची इच्छा आहे.