एका गायिकेचे मतदार

गाणाराची परीक्षा कोणीं घ्यावी, हा प्रश्न फार जुना आहे. दरबारांच्या काळीं ती राजा घेई; पुढें ती जाणकारांच्या बैठकींत होऊं लागली; आणि नाटकमंडळ्यांच्या भरभराटींत ‘वन्स मोअर’ची आरोळी देणारा पिटांतला प्रेक्षक हाच परीक्षक होऊन बसला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मोबाइल फोन घरोघर पोंचला, तेव्हां हा पिटांतला प्रेक्षक आपल्या घरीं बसूनच निवाडा देऊं लागला. २००५ सालच्या मार्च महिन्यांत मुंबईचा अभिजीत सावंत ‘इंडियन आयडॉल’ स्पर्धेंत विजयी ठरला तो अशाच मतांच्या बळावर, ही गोष्ट पुष्कळ मराठी घरांत अजून आठवते. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत चीन देशांत मुलींच्या एका गायनस्पर्धेच्या निमित्तानें जें घडलें, तें मात्र केवळ करमणुकीच्या खातीं जमा करून चालणार नाहीं. तेथें गायिकांच्या चाहत्यांनीं मतें मिळविण्याची जी मोहीम उभारली, तिचा इतिहास म्हणजे मत मागणें आणि मत विकत घेणें या दोन गोष्टींमधील अंतराचा इतिहास आहे.

हुनान हा चीनच्या दक्षिण-मध्य भागांतील प्रांत. चांगशा ही त्याची राजधानी. तेथील हुनान उपग्रह वाहिनीनें २००४ सालीं केवळ मुलींसाठीं एक गायनस्पर्धा सुरू केली. ‘सुपर गर्ल’ या नांवानें ती पुढें जगाला माहीत झाली. मूळ चिनी नांवाचा अर्थ ‘श्रेष्ठ स्त्रीस्वर’ असा होतो. टेलिव्हिजनवरील गायनस्पर्धा चीनला नवीन नव्हत्या. परंतु बीजिंगच्या मध्यवर्ती वाहिनीवरील स्पर्धांत तयार गळ्याचे गायक येत आणि मान्यवर परीक्षक त्यांना गुण देत. हुनानच्या वाहिनीनें ही चाल मोडली. प्रवेशाला शुल्क नव्हतें. गाण्याचा प्रकार, रूप, शिक्षण यांची अट नव्हती. २००५ सालीं स्पर्धेच्या दुसऱ्या वर्षीं चांगशा, झेंगझौ, हांगझौ, चेंगडू आणि ग्वांगझौ या पांच शहरांत निवडचांचण्या झाल्या, आणि त्यांसाठीं सुमारें १,५०,००० मुलींनीं नांवें दिलीं. स्पर्धेचा खर्च उचलणारी संस्था होती ‘मेंगनिऊ’ ही अंतर्मंगोलियांतील दुधाची कंपनी. आपल्या आंबटगोड दुग्धपेयाचें नांव स्पर्धेच्या नांवाला जोडण्यासाठीं तिनें १ कोटी ४० लाख युआन मोजले. या दुधाची आठवण ठेवावी. हकीकतीच्या शेवटीं तें पुन्हां येणार आहे.

आरंभीच्या फेऱ्यांत परीक्षकांचा शब्द चाले. पुढें पुढें मात्र प्रेक्षकांनीं मोबाइलवरून पाठविलेले संदेश मोजून मुलींचा क्रम लावला जाई. मागें पडलेल्या दोघींना समोरासमोर गाऊन झुंजावें लागे. या झुंजीला वापरलेलीं ‘पीके’ हीं दोन इंग्रजी अक्षरें त्या उन्हाळ्यापासून चिनी बोलभाषेंत घरचीं होऊन बसलीं. प्रत्येक संदेशाला पैसे पडत. आणि एका फोनक्रमांकावरून फार तर १५ मतें देतां येत. हा पंधराचा नियम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु पुढील साऱ्या घडामोडींची किल्ली त्याच्यांतच आहे. चाहत्याला आपल्या आवडत्या गायिकेसाठीं सोळावें मत हवें असेल, तर दुसऱ्या कोणाकडे तरी जाण्यावांचून त्याला गत्यंतर नव्हतें.

आणि चाहते गेले. प्रथम आईबापांचे, आजीआजोबांचे आणि शेजाऱ्यांचे फोन मागून झाले. मग शाळाकॉलेजांतील मुली, नोकरी करणाऱ्या तरुणी आणि प्रौढ गृहिणीही आपल्या गायिकेचें मोठें चित्र हातीं धरून भर बाजारपेठेंत उभ्या राहिल्या. अनोळखी वाटसरूला थांबवून त्या मत मागत, संदेश कसा पाठवावयाचा तें समजावून देत, आणि ‘ही कोण?’ असें त्यानें विचारलें तर तिचें गाणें त्याला ऐकवीत. इंटरनेटवर जमून कामाची वांटणी होई. एखादी मुलगी स्पर्धेंतून बाद झाली, म्हणजे तिचे चाहते आतां कोणाकडे वळणार याची चर्चा चाले. सधन चाहते नवीं फोनकार्डें विकत घेऊन मतांची भर घालीत, हेंही खरें आहे. परंतु मोहिमेचा मुख्य भार पैशापेक्षां पायांवर आणि जिभेवर होता.

या चाहत्यांना पडलेलीं नांवें मोठीं गमतीचीं आहेत. इंग्रजी ‘फॅन्स’ हा शब्द चिनी जिभेवर ‘फन्सी’ असा झाला, आणि त्या चिनी शब्दाचा अर्थ आहे बारीक पारदर्शक शेवया. मग प्रत्येक पक्षानें आपापल्या गायिकेच्या नांवावर कोटी केली. ली युचुनचे चाहते झाले ‘युमी’, म्हणजे मका. झांग लियांगयिंगचे झाले ‘लियांगफन’, म्हणजे पिठाच्या थंड वड्या. आणि झोऊ बिचांगचे झाले ‘बीमी’, म्हणजे लेखणीचे वेडे. नांव थट्टेंतलें असलें तरी तें एकदां मिळालें कीं माणसांचा समुदाय बनतो, आणि समुदायाला आपल्या सामर्थ्याची जाणीव होते.

या सर्वांत ‘मक्यां’ची मोहीम विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. ली युचुन ही सिचुआन प्रांतांतील २१ वर्षांची मुलगी. चेंगडू येथील संगीत महाविद्यालयाची विद्यार्थिनी. तिचे केस आंखूड, अंगावर शर्ट आणि विजार, आवाज खर्जांतला. टेलिव्हिजनवर येणाऱ्या चिनी गायिकेकडून त्या काळीं लांब केसांची, तलम पोषाखाची आणि उंच नाजूक आवाजाची अपेक्षा असे. ली हिच्यापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें, आणि पुरुष गायकांसाठीं रचलेलीं गाणीं ती बिनदिक्कत म्हणे. गळ्याच्या तयारींत झांग लियांगयिंग तिच्याहून सरस आहे, असें अनेक जाणकारांचें मत होतें. तरीही तिच्यामागें जी गर्दी लोटली, तींत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. आपण जशा आहों तशाच रंगमंचावर उभ्या राहूं शकतों, ही गोष्ट त्यांना तिच्या रूपानें प्रथमच डोळ्यांसमोर दिसली. तिच्यासाठीं मत मागणें म्हणजे या गोष्टीला साक्ष मिळविणें होतें.

२६ ऑगस्ट २००५ रोजीं चांगशा येथें अंतिम फेरी झाली. ती पाहणारांची संख्या ४० कोटींच्या घरांत असल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें. मतमोजणींत झांग लियांगयिंगला १३,५३,९०६ मतें पडलीं, झोऊ बिचांगला ३२,७०,८४०, आणि ली युचुनला ३५,२८,३०८. विजय अडीच लाखांच्या थोड्या वरच्या फरकानें मिळाला. पंधराच्या नियमानें हिशेब केला, तर ली हिच्या मतांमागें कमींत कमी २ लाख ३५ हजारांहून अधिक फोनक्रमांक असले पाहिजेत. एवढ्या क्रमांकांच्या धन्यांपैकीं कित्येकांकडे कोणीतरी स्वतः चालून गेलें होतें. ऑक्टोबरमध्यें ‘टाइम’ साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीनें आशियांतील कर्तबगार व्यक्तींचा विशेषांक काढला, तेव्हां मुखपृष्ठावर तिचें छायाचित्र छापलें.

परदेशी वृत्तपत्रांतून या मतदानाचें लोकशाहीची चाहूल म्हणून स्वागत झालें. हा निष्कर्ष घाईचा होता. चीनमध्यें मतदान मुळींच नव्हतें असें नाहीं. १९८७ सालच्या कायद्यानंतर खेड्यांतील समित्यांच्या निवडणुका सुरू झाल्या होत्या, आणि जिल्ह्याच्या पातळीपर्यंतच्या लोकसभांचे प्रतिनिधीही थेट मतानें निवडले जात. परंतु त्याच्या वर सामान्य नागरिकाचें थेट मत पोंचत नसे. शिवाय एका माणसाला १५ मतें आणि प्रत्येक मताला दाम, ही कांहीं लोकशाहीची व्याख्या नव्हे. तरीसुद्धां एक गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं. उमेदवार निवडणें, तिच्या बाजूनें बोलणें, परक्या माणसाचें मन वळविणें, मित्रपक्ष जोडणें आणि आंकडा विरुद्ध गेल्यास तो सोसणें, एवढें शिक्षण लक्षावधि तरुणतरुणींना त्या उन्हाळ्यांत मिळालें. आणि तें कोणत्याही पाठ्यपुस्तकांतून मिळालेलें नव्हतें.

सत्ताधाऱ्यांच्या नजरेंतून ही गोष्ट सुटली नाहीं. २००६ सालीं माजी सांस्कृतिक मंत्री लिऊ झोंगदे यांनीं या स्पर्धेवर, ती तरुणांची अभिरुचि बिघडविते म्हणून, कडक टीका केली. त्याच वर्षीं स्पर्धकांचें वय किमान १८ असावें, असा नियम झाला. २००७ च्या सप्टेंबरमधील नियमांनीं तर फोन, संदेश आणि इंटरनेट यांवरून घरबसल्या मत देण्याची पद्धतच बंद केली. २००९ सालीं हुनानच्या वाहिनीनें मुलींची स्पर्धा पुन्हां भरविली, तेव्हां नांवांतला ‘श्रेष्ठ’ हा शब्द जाऊन ‘आनंदी’ हा शब्द आला होता, आणि घरच्या प्रेक्षकाच्या हातीं मत उरलें नव्हतें.

परंतु टेलिव्हिजनवर बंद झालेली वाट कांहीं वर्षांनीं इंटरनेटवरील चित्रवाहिन्यांतून पुन्हां उघडली. २०१८ सालच्या ‘प्रोड्यूस १०१’च्या चिनी आवृत्तींत मुलींमधून अकरा जणी निवडावयाच्या होत्या. तींत वांग जू नांवाची सांवळ्या वर्णाची, भक्कम बांध्याची मुलगी उशिरां दाखल झाली. रूपाच्या रूढ कल्पनेंत ती बसत नव्हती. प्रथम तिची टवाळी झाली. मग तिच्या चाहत्यांनीं निवडणुकीच्या थाटाचीं विनोदी आवाहनें लिहून असा प्रचार केला कीं तळाशीं असलेली ती मुलगी कांहीं काळ अगदीं वरच्या क्रमांकांत जाऊन बसली. शेवटीं ती पंधरावी आली आणि निवडीबाहेर राहिली. कारण एव्हांना मतदानाचें स्वरूप पालटलें होतें. पैसे भरून सभासद होणाराला जास्त मतें मिळत, आणि आघाडीच्या मुलींसाठीं चाहत्यांचीं मंडळें लक्षावधि युआनांची वर्गणी जमवीत. सोळाव्या मतासाठीं आतां दुसऱ्याकडे जाण्याची गरज उरली नव्हती. थैली सैल केली कीं काम होई.

याची परिणति २०२१ सालीं दिसली. ‘यूथ विथ यू’ या मुलग्यांच्या स्पर्धेचें पुरस्कर्तेपण त्या वर्षीं पुन्हां मेंगनिऊकडेच होतें. दुग्धपेयाच्या बाटलीच्या झांकणाखालीं एक खूण छापलेली असे, आणि ती फोनला दाखविली म्हणजे मत नोंदलें जाई. चाहत्यांना बाटल्या हव्या होत्या त्या झांकणांसाठीं. दुधाचें काय करावें हा प्रश्न होता. मे महिन्याच्या आरंभीं एक चित्रफीत सर्वत्र पसरली. तींत माणसें ओळीनें बसून बाटल्या फोडीत होतीं आणि पेय गटारांत ओतीत होतीं. अन्नाची नासाडी रोखणारा कायदा त्या देशांत नुकताच, २९ एप्रिल रोजीं, मंजूर झाला होता. अंतिम फेरी रद्द झाली, वाहिनीनें क्षमा मागितली, आणि सप्टेंबरांत अशा स्पर्धांवरच सरकारी बंदी आली.

एकाच कंपनीच्या पेयाच्या नांवानें झालेले हे दोन प्रसंग सोळा वर्षांच्या अंतरानें शेजारीं ठेवून पाहावे. पहिल्यांत एक मुलगी तळपत्या उन्हांत उभी राहून परक्याला म्हणते, ‘हिचें गाणें ऐका, पटलें तर मत द्या.’ दुसऱ्यांत कोणी कोणाशीं बोलतच नाहीं. झांकणें मोजलीं जातात आणि दूध गटारांतून वाहून जातें. चाहत्यांचें प्रेम दोन्ही वेळीं खरेंच होतें. परंतु पहिल्या प्रेमाला वाट काढण्यासाठीं दुसऱ्या माणसाच्या मनांतून जावें लागलें, आणि दुसऱ्याला केवळ दुकानांतून.

ली युचुनच्या ‘मक्यां’नीं स्पर्धा संपल्यावरही आपला मेळा मोडला नाहीं. २००६ सालीं चिनी रेडक्रॉसच्या आश्रयाखालीं त्यांच्या नांवाचा एक मदतनिधि उभा राहिला, आणि त्यांतून आजारी मुलांच्या उपचारांस साह्य मिळूं लागलें. रस्त्यांत उभें राहून मागण्याची लाज एकदां गेली, म्हणजे माणूस चांगल्या कामासाठींही मागूं शकतो. त्या उन्हाळ्यांतील ८१ लाखांहून अधिक मतांचा हिशेब वाहिनीनें आणि कंपनीनें आपापल्या वह्यांत मांडला असेल. परंतु परक्याचें दार ठोठावण्याचें जें धैर्य त्या मुलींना लाभलें, तें त्या वह्यांत कोठेंच नोंदलेलें नाहीं.